पोराला लागलंय, सीटी काढायचा का नको? लहान मुलं, मार आणि रेडिएशन

गॅन्ट्री

मी एक्स-रे आणि सीटी स्कॅनच्या खोलीत काम करते. पडलेली, आपटलेली, सायकलवरनं घसरलेली, गाडीने उडवलेली मुलं आमच्याकडे येतात आणि सोबत आलेले आईबाप साधारण दोनच गोष्टी म्हणतात. काही म्हणतात "मॅडम काहीही होऊ दे, सीटी काढाच, आम्हाला रिस्क नको", आणि काही म्हणतात "सीटी नको हो, त्याने कॅन्सर होतो". दोन्ही भीतीपोटीच म्हणतात हे कळतं मला, पण दोन्हींमुळे पोराचं नुकसान होऊ शकतं म्हणून हा धागा काढतेय.

आधी थोडे आकडे, कारण "रेडिएशन" म्हटलं की सगळं एकाच टोपलीत जातं. हातापायाच्या एक्स-रेला साधारण ०.००१ मिलिसिव्हर्ट (रेडिएशन मोजायचं एकक) लागतात. जमिनीतून, हवेतून, आकाशातून आपल्याला तसंही जगात सरासरी वर्षाला २.४ मिलिसिव्हर्ट मिळतच असतं, म्हणजे मनगटाचा एक्स-रे म्हणजे नुसतं तीन-चार तास जगल्याइतकं. डोक्याचा सीटी मात्र साधारण २ मिलिसिव्हर्ट आणि पोटाचा ५ च्या आसपास किंवा त्याहून जास्त, मशीन आणि सेटिंगवर अवलंबून. त्यामुळे हात मोडलाय की नाही बघायला एक्स-रे काढताना घाबरणाऱ्यांनी खरंच घाबरू नका. प्रश्न आहे तो सीटीचा.

मुलांना जास्त जपायचं कारण असं की त्यांच्या पेशी भराभर वाढत असतात, पुढे आयुष्य मोठं असतं त्यामुळे उशिरा होणारा परिणाम दिसायलाही वेळ मिळतो, आणि अंग लहान असल्यामुळे मोठ्या माणसाच्या सेटिंगवर सीटी काढला तर आतल्या अवयवांना जास्त डोस बसतो.

२०१२ मध्ये लॅन्सेट या मेडिकल जर्नलमध्ये ब्रिटनमधला मोठा अभ्यास आला होता, १९८५ ते २००२ या काळात लहानपणी सीटी झालेल्या पावणेदोन लाखांहून जास्त लोकांचा. त्यांनी काढलेला अंदाज असा की दहा वर्षांखालच्या १०,००० मुलांच्या डोक्याचा एकेक सीटी काढला तर पुढच्या दहा वर्षांत ब्लड कॅन्सरची एक आणि मेंदूच्या ट्यूमरची एक केस जादा होईल. २०२३ मध्ये युरोपातल्या नऊ देशांच्या जवळजवळ साडेनऊ लाख मुलांवरचा अभ्यास आला, त्यातही दहा हजारांत एक-दोन जादा ब्लड कॅन्सर असाच हिशोब निघाला. म्हणजे धोका खरा आहे, पण एका पोरापुरता खूप छोटा आहे. ज्याच्या डोक्यात रक्तस्राव होतोय त्या मुलापुढे तो काहीच नाही. ज्याला नुसतं टेंगूळ आलंय त्याला मात्र तो फुकट घेतलेला धोका आहे. माझं म्हणणं एवढंच की सगळ्यात जास्त रेडिएशन वाचतं ते न काढलेल्या सीटीत, आणि तो काढायचा नाही हे ठरतं कॅज्युअल्टीत पोराला हाताने नीट तपासून. आमच्या खोलीत येईपर्यंत अर्ध्याहून जास्त ठरून गेलेलं असतं.

मोगरा

चांगला धागा ताई. आमची मुलगी मध्ये पलंगावरनं पडली, कपाळावर मोठ्ठं टेंगूळ आणि एक उलटी. डॉक्टर म्हणाले सीटी नको, इथेच बसा चार-पाच तास, बघू. ती बरी आहे आता एकदम पण ते तास मी कसे काढले माझं मला माहीत. सारखं वाटत होतं की आत काय चाललंय हे मशीनशिवाय यांना कसं कळणार? हे कशाच्या जोरावर ठरवतात कुणी सांगेल का?

बालरोगवाला

मोगराताई, अंदाजपंचे नाही ठरवत. पेकार्न नावाचा लहान मुलांच्या इमर्जन्सीवर संशोधन करणारा ग्रुप आहे, त्यांनी २००९ मध्ये ४२,४१२ मुलांचा अभ्यास छापला. डोक्याला मार लागलाय पण शुद्धीवर आहेत, बोलतायत, अशी मुलं. त्यातल्या ३५ टक्के मुलांचा सीटी काढला गेला होता आणि मेंदूला खरंच काळजी करण्यासारखी इजा निघाली ३७६ जणांना, म्हणजे शंभरात एकालाही नाही. ऑपरेशन लागलं फक्त ६० जणांना. मग त्यांनी शोधलं की कुठल्या गोष्टी नसतील तर निर्धास्त राहता येतं.

दोन वर्षांच्या आतल्या बाळात आम्ही बघतो: नेहमीसारखं जागं आहे की गुंगीत किंवा किरकिरं, कवटीला हाताला लागेल असं फ्रॅक्चर आहे का, कपाळ सोडून बाजूला किंवा मागे टेंगूळ आहे का, पाच सेकंद किंवा जास्त शुद्ध हरपली होती का, तीन फुटांपेक्षा जास्त उंचीवरनं पडलंय का किंवा गाडीचा मोठा अपघात आहे का, आणि आईबापांना ते नेहमीसारखं वाटतंय का. हो, "हा नेहमीसारखा नाहीये" हे आईचं म्हणणं त्या नियमात लिहिलेलं आहे, ते कुणी उडवून लावत असेल तर लावू देऊ नका. दोन वर्षांपुढे थोडं वेगळं, तिथे उलट्या, जोरात डोकेदुखी, थोडा वेळ का होईना शुद्ध जाणं, कवटीच्या तळाला फ्रॅक्चर असल्याच्या खुणा (कानामागे किंवा डोळ्यांभोवती काळंनिळं, कानानाकातून पाणी) हे येतं, आणि उंची पाच फूट धरतात.

यातलं काहीच नसेल तर गंभीर इजेची शक्यता दोन वर्षांखाली ०.०२ टक्क्यांच्या खाली आणि दोन वर्षांपुढे ०.०५ च्या खाली. तिथे सीटी काढायचाच नाही. उलट गुंगी किंवा कवटीचं फ्रॅक्चर असेल तर ४ टक्क्यांच्या पुढे जातं, तिथे मी एक मिनिट घालवत नाही, सीटी. मधल्या गटात, म्हणजे एखादीच गोष्ट आहे आणि पोर तसं छान आहे, तिथे साधारण एक टक्का. तुमची मुलगी दोन वर्षांच्या पुढची असेल तर ती याच गटात, आणि इथे डोळ्यासमोर ठेवून वाट बघणं हाच उपचार आहे. चार ते सहा तास. बिघडलं तर लगेच सीटी, नाहीतर घरी.

कपाळावरच्या टेंगळाबद्दल मुद्दाम सांगतो कारण सगळ्यात जास्त घाबरतात ते त्यालाच. पुढच्या बाजूला टणक टेंगूळ दिसायला भयंकर पण बाळात त्याचा अर्थ फारसा वाईट नसतो. कानाच्या वर, बाजूला हात फिरवला आणि बोटाखाली मऊ, पाणी भरल्यासारखं लिबलिबीत लागलं की मी सावध होतो, त्यात बाळ सहा महिन्यांच्या आतलं असेल तर फारच. ते केसांखाली असतं, फोटोत दिसत नाही. म्हणून फोनवर फोटो पाठवून "सीटी करू का" विचारणाऱ्यांना मी सांगतो की घेऊन या, हात लावल्याशिवाय मी काही बोलणार नाही.

प्रश्नचिन्ह

मग सीटीऐवजी डोक्याचा साधा एक्स-रे का नाही काढत? रेडिएशन कमी. नाहीतर एमआरआय, त्यात तर रेडिएशनच नाही ना.

गॅन्ट्री

एक्स-रेत हाड दिसतं, रक्त दिसत नाही. एक्स-रे नॉर्मल आला म्हणून आत रक्तस्राव नाही असं म्हणताच येत नाही, त्यामुळे डोस कमी असला तरी आपल्या प्रश्नाचं उत्तर मिळत नाही, आणि उत्तर न देणारा डोस कितीही छोटा असला तरी वायाच.

एमआरआयचं बरोबर आहे पण नेहमीच्या एमआरआयला बराच वेळ स्थिर पडून राहावं लागतं, लहान पोराला भूल किंवा गुंगीचं औषध लागतं, आणि भुलीला तिची स्वतःची रिस्क आहे. आता फास्ट एमआरआय आलंय, मोजकेच सिक्वेन्स (चित्रांचे संच) आणि भूल न देता. २०१९ मध्ये सहा वर्षांखालच्या मुलांवरचा अभ्यास आला होता, जवळजवळ सगळ्यांचं स्कॅन पूर्ण झालं, सहा मिनिटांच्या आसपास, आणि सीटीने दाखवलेल्या इजांपैकी सुमारे ९३ टक्के त्यात दिसल्या. सुटलेल्यांत बरीचशी नुसती कवटीची बारीक फ्रॅक्चरं होती. जिथे मशीन रिकामं आणि शिकलेली टीम आहे तिथे छान पर्याय आहे. पण पोर गुंगीत जातंय आणि एका डोळ्याची बाहुली मोठी झालीये अशा वेळी एमआरआयची वाट बघत बसायचं नाही, सीटी मिनिटभरात होतो.

निशिगंध

आमचा अनुभव लिहितो, थोडा वैतागून. मुलाला गाडीने उडवलं, पहिल्या हॉस्पिटलने डोकं, मान, छाती, पोट सगळ्याचा सीटी काढला आणि मग सांगितलं की आमच्याकडे लहान मुलांचे सर्जन नाहीत, दुसरीकडे हलवा. दुसरीकडे गेलो तर सीडी उघडेना, फिल्म होत्या त्यावर त्यांचं समाधान होईना, पुन्हा पोटाचा आणि डोक्याचा सीटी. म्हणजे त्याच्या अंगात दुप्पट गेलं आणि हातात काय नवीन आलं तर काही नाही. तेव्हा धावपळीत कुणाला विचारायचं सुचलं नाही, आता राग येतो. हे टाळता येतं का?

गॅन्ट्री

येतं निशिगंध, आणि तुमचा राग अगदी बरोबर आहे, ही मुलांच्या डोसमधली सगळ्यात मोठी गळती आहे. दोन गोष्टी आहेत. पहिली पहिल्या हॉस्पिटलची. पोराला हलवायचंच आहे हे दिसत असेल तर सीटीसाठी थांबवून ठेवू नये, श्वास, रक्तदाब, सलाईन सांभाळून पुढे पाठवावं, कारण सीटीत काही दिसलं तरी इथे कुणी ऑपरेशन करणार नाहीये. दुसरी गोष्ट इमेजेसची. फिल्म किंवा फिल्मचा मोबाईलवर काढलेला फोटो कामाचा नाही, डायकॉम फाइल्स (मशीनमधल्या मूळ डिजिटल इमेजेस) हव्यात, पूर्ण सिरीज, आणि सोबत रिपोर्ट. सीडी देताना तिथल्याच दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून दाखवा म्हणा, दोन मिनिटांचं काम आहे. जमलं तर पेनड्राइव्हवर किंवा लिंकवरही घ्या. आणि दुसरीकडे पोचल्यावर सगळ्यात आधी सांगा की सीटी झालाय, आधी तो बघा.

भौतिक

मी रेडिएशन फिजिक्सवाला, म्हणून मशीनच्या बाजूने लिहितो. समजा सीटी लागलाच, तरी तो कसा काढला यावर डोस कितीतरी पटींनी बदलतो. मोठ्यांचा प्रोटोकॉल लावून पाच वर्षांच्या पोराला स्कॅन करणं हे सगळ्यात वाईट. ट्यूबचं व्होल्टेज मोठ्यांना बहुतेक १२० किलोव्होल्ट असतं, मुलांच्या पोटाला वजनाप्रमाणे १०० किंवा ८० पुरतं, करंटही तसाच उतरवायचा. चित्र थोडं रवाळ दिसतं, आणि ते चालतं, कारण आपल्याला लिव्हर फाटलंय का हे बघायचंय, सुबक चित्र नकोय.

मग फेज, म्हणजे स्कॅनच्या फेऱ्या. मोठ्यांच्या पोटाचे स्कॅन कधीकधी आधी कॉन्ट्रास्टशिवाय (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते औषध), मग कॉन्ट्रास्ट देऊन, मग थोड्या वेळाने परत असे काढतात, प्रत्येक फेरी म्हणजे पूर्ण डोस. मार लागलेल्या मुलाला एकच फेरी, कॉन्ट्रास्ट देऊन, बास. लघवीच्या मार्गाला इजा वाटली तरच उशिराची फेरी आणि तीही तेवढ्याच भागाची.

आणि एक बारीक गोष्ट जी फार कमी लोक बघतात, पोर गॅन्ट्रीच्या (सीटी मशीनच्या गोल कड्याच्या) बरोबर मध्यावर हवं. लहान मूल टेबलावर खाली राहतं, टेबल वर घ्यायचं राहून गेलं की सुरुवातीच्या स्काऊट चित्रात ते आहे त्यापेक्षा मोठं किंवा छोटं दिसतं, मशीन त्यावरनं करंट ठरवतं, आणि डोस चुकतो. पैसे लागत नाहीत, नवीन मशीन लागत नाही, लेझरची रेघ पोराच्या कुशीच्या मध्यावर आली का एवढं बघायचं.

स्क्रीनवर शेवटी डोसचा रिपोर्ट येतो तो वाचतानाही सांभाळून. तो आकडा पोराचा नसून प्लास्टिकच्या एका ठरावीक गोल ठोकळ्याचा असतो, १६ सेंटिमीटरचा किंवा ३२ चा. ३२ च्या हिशोबाने दाखवलेला आकडा बारीक पोराच्या बाबतीत खऱ्या डोसच्या साधारण निम्माच असू शकतो. त्यामुळे "आमचा डोस कमी आहे" म्हणणाऱ्याला आधी विचारा की कुठल्या ठोकळ्याने मोजलाय.

प्रश्नचिन्ह

पण पोटाला मार असेल तर आधी सोनोग्राफी करतात ना? त्यात दिसलं नाही तर सीटी नको, इतकं सोपं नाहीये का?

बालरोगवाला

तितकं सोपं असतं तर बरं झालं असतं. कॅज्युअल्टीतली झटपट सोनोग्राफी पोटात रक्त साठलंय का एवढं बघते. मुलांमध्ये प्लीहा किंवा लिव्हर फाटलेलं असतं आणि तरी बाहेर रक्त साठलेलं नसतं असं बऱ्याचदा होतं. २०१७ मध्ये ९२५ मुलांवर चाचणी झाली, अर्ध्यांना ही सोनोग्राफी केली, अर्ध्यांना नाही, आणि सीटीचं प्रमाण दोन्हीकडे जवळपास सारखंच राहिलं. म्हणून एकट्या सोनोग्राफीवर विसंबत नाही.

तिथेही पेकार्नचाच नियम आहे, २०१३ चा, १२,०४४ मुलांवरनं काढलेला. पोटावर सीटबेल्टचा वळ किंवा खरचटणं, पोट दुखतंय म्हणणं, दाबल्यावर दुखणं, छातीच्या पिंजऱ्याला मार, एका बाजूला श्वासाचा आवाज कमी, उलट्या, शुद्ध कमी. यातलं एकही नसेल तर उपचार करावा लागेल अशी पोटातली इजा असण्याची शक्यता हजारात एक. या सगळ्या गोष्टी कपडे काढून, हात लावून, विचारून कळणाऱ्या आहेत, मशीन लागत नाही. सीटबेल्टचा तो तिरका लाल पट्टा मात्र कधीच दुर्लक्षित करायचा नाही, त्याखाली आतडं फाटलेलं असू शकतं.

आणि प्लीहा-लिव्हरची इजा निघाली तरी स्थिर असलेल्या बहुतेक मुलांना ऑपरेशन लागत नाही, अॅडमिट करून बघतात. मग पोर बरं होतंय, नाडी चांगली, पोट मऊ, तर "भरलंय का बघू" म्हणून परत सीटी काढायची गरज नसते. हा दुसरा सीटी बऱ्याच ठिकाणी सवयीने लिहिला जातो.

हाडवैद्य_२

हाडांच्या बाजूने थोडं. डोस तसा नगण्य आहे हे गॅन्ट्रीताईंनी सांगितलंच, पण म्हणून वाट्टेल तेवढे एक्स-रे काढायचे असं नाही. "तुलनेसाठी दुसऱ्या हाताचा पण काढा" हे सरसकट नको. वाढीच्या हाडात शंका आलीच, विशेषतः कोपराला, तरच. मनगटाजवळचं नुसतं दबलेलं फ्रॅक्चर असतं त्यात दर आठवड्याला एक्स-रे काढून काही बदलत नाही, ते जागचं हलत नाही. आणि मनगटाच्या वरच्या मारासाठी सोनोग्राफीसुद्धा चालते, २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियात ५ ते १५ वर्षांच्या २७० मुलांवर बघितलं, सोनोग्राफीने सुरुवात केलेल्यांचा हात महिन्याने एक्स-रेवाल्यांइतकाच चांगला चालत होता.

मानेचं जपून. लहान मुलांत डोकं जड, मान बारीक, त्यामुळे इजा वरच्या मणक्यांत जास्त होते, आणि मानेच्या सीटीत थायरॉइड सरळ मध्ये येतं. म्हणून आधी तपासणी, मग लागला तर साधा एक्स-रे, आणि ठरावीक मुलांनाच थेट सीटी. २०२४ मध्ये २२,००० हून जास्त मुलांवरचा नियम आलाय, तो पाळला तर मानेचे सीटी निम्म्याहून कमी होतील असं त्यात दिसतं.

रानफूल

सगळं वाचलं. तरी मला पटत नाहीये. सगळे नियम बसले आणि तरी एखाद्याच्या डोक्यातला रक्तस्राव नजरेतून सुटला तर? दहा हजारांत एक कॅन्सर तोही पुढे कधीतरी, आणि हे आत्ताचं. मी तर काढाच म्हणेन.

बालरोगवाला

प्रश्न रास्त आहे, आकड्यातच उत्तर देतो. दोन वर्षांखालच्या, नियमात पूर्ण बसणाऱ्या १०,००० बाळांचा सीटी काढला तर गंभीर काही सापडेल फारतर दोनेक जणांना, ऑपरेशन लागणारं तर त्याहून विरळ. तेवढ्याच बाळांत सीटीमुळे दोन जादा कॅन्सर. म्हणजे बरोबरी, आणि सीटीतून कुणाचा जीव वाचलाच असं नाही. शिवाय बाळ हलू नये म्हणून गुंगीचं औषध, आणि दिसणारे छोटेमोठे निरुपद्रवी डाग ज्यांच्यामागे पुढच्या तपासण्या लागतात. या गटाला सोडतो तेव्हाही वाऱ्यावर सोडत नाही. घरी जाताना लिहून देतो, वारंवार उलट्या, न उठणारी झोप, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका, चालताना तोल, हातपाय लुळा वाटणं, यातलं काहीही झालं तर रात्री दोन वाजता पण या. तेव्हा सीटी काढू आणि बिनधास्त काढू.

याच्या उलट एक गोष्ट लिहायचीच आहे. दोन वर्षांखालचं बाळ, अंगावर न जुळणाऱ्या खुणा, सांगितलेली हकीकत पटत नाही, म्हणजे कुणी मारलंय अशी शंका. तिथे पूर्ण अंगाचे वेगवेगळे एक्स-रे काढावेच लागतात, प्रत्येक हाडाचे नीट वेगळे, सगळं बाळ एकाच फिल्मवर नाही. कारण बारीक जुनी फ्रॅक्चरं तशीच सापडतात. "एवढं रेडिएशन कशाला" म्हणून ती टाळली आणि बाळ त्याच घरात परत गेलं तर पुढचा मार जिवावर येऊ शकतो. तिथे रेडिएशनचं कारण मी ऐकून घेत नाही.

मोगरा

ताई शेवटचं विचारते. आमच्या मुलीच्या मनगटाच्या एक्स-रेला शिशाचा पडदा दिला नाही पोटावर, मी मागितला तर नको म्हणाले. आणि माझी बहीण प्रेग्नंट आहे, तिचा मुलगा फार रडतो, ती त्याला धरायला आत जाऊ शकते का?

गॅन्ट्री

पडदा न देणं बरोबर होतं. पूर्वी सरसकट द्यायचे, पण २०१९ मध्ये अमेरिकेतल्या मेडिकल फिजिसिस्टांच्या संघटनेने सांगितलं की जननेंद्रियांवरचे पडदे सरसकट वापरणं बंद करा. किरणं जिथे सोडलीत तिथपर्यंतच असतात, शरीरात आतल्या आत जी थोडी विखुरतात ती वरच्या पडद्याने अडत नाहीत. उलट पोटाच्या किंवा खुब्याच्या चित्रात पडदा मध्ये आला तर हवं ते झाकलं जातं आणि परत काढावं लागतं, किंवा मशीनला वाटतं समोर जाड काहीतरी आहे आणि ते स्वतःहून डोस वाढवतं. पडद्यापेक्षा जास्त फायदा चौकट छोटी ठेवण्यात आहे, मनगट म्हणजे मनगट, अख्खा हात नाही.

बहिणीला आत पाठवू नका, मुलाचे बाबा, आजी, मामा कुणीही जाऊ दे, शिशाचा एप्रन घालून. हात किरणांच्या चौकटीत येऊ द्यायचा नाही, कुठे धरायचं ते आम्ही दाखवतो. तिने काचेमागून माइकवर बोलत राहिलं तरी बरीच मुलं शांत होतात, आणि पोर हललं नाही की पहिलंच चित्र कामाचं येतं, दुसरं काढावं लागत नाही. झाल्यावर लगेच कडेवर घेतलं तरी चालतं, एक्स-रे किंवा सीटीनंतर अंगात रेडिएशन राहत नाही.